उंटिणीला रडवणारं गाणं

मी आमच्या घरातला हीटर दोनदा तपासायला लावला आणि दोन्ही वेळा तो ठणठणीत निघाला. चूक माझी होती हे मला मान्य आहे. पण तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याने मला हसू नये.

अमेरिकेत नेपरव्हिलला माझ्या मुलाचं घर आहे. रांगेतलं घर, म्हणजे शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. थंडी पडली, हीटर सुरू झाला, आणि त्याच आठवड्यात दुपारी दोनच्या सुमाराला माझ्या खोलीच्या भिंतीतून घरघर यायला लागली. खाली जाड, एकसुरी आवाज, रिकामं जातं फिरवावं तसा. आणि त्याच वेळी त्याच्या वर एक बारीक शीळ, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तशी. मध्येच काहीतरी घासल्यासारखं रडकं वाजायचं. अर्धा तास हे चालायचं आणि बंद पडायचं. भिंतीला हात लावला तर हाताला थरथर लागायची.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, फर्नेसचा आवाज येतोच गं."

"येतो ना. पण हा रडतोय."

हीटरवाला सकाळी आला. सकाळी काही आवाज नव्हता. सगळं छान आहे म्हणून गेला. दुसऱ्या वेळी मी हट्टाने त्याला दुपारी दोनला बोलावलं. आवाज सुरू होता. त्याने तळघरात बॅटरी मारून पाहिलं, मग वर येऊन माझ्या भिंतीला कान लावला, आणि पोट धरून हसायला लागला. सून ऑफिसचं काम वरच्या खोलीतून करते, ती खाली आली. त्याचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "आई, तो म्हणतोय हा हीटर नाही. माणूस आहे."

"माणूस असा वाजतो?"

"गातोय म्हणे."

हीटरवाला जाता जाता शेजारचं दार वाजवून त्यांनाही सांगून गेला. म्हणजे आमची अब्रू आम्ही घरपोच पाठवली.

हे सगळं चाललं होतं तेव्हा घरात दुसरी एक गोष्ट चालली होती आणि ती जास्त महत्त्वाची होती. मुलगा आणि सून यांना मूल झालं नाही. बरीच वर्षं डॉक्टर केले. शेवटी त्यांनी ठरवलं की मूल घरी आणायचं. इथे ते एकदम तुमचं होत नाही. आधी काही महिने मूल तुमच्या घरी राहतं, दर महिन्याला एक बाई येऊन बघून जाते, आणि तिने चांगलं लिहिलं तर कोर्ट ते मूल तुमचं करून देतं. आमच्याकडे मुलगी आली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तिला जन्म देणारीबद्दल आम्हाला फार सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पोरगी रडायची नाही. पाहुणे आले की म्हणायचे, किती शहाणी. मी कधी तसं म्हटलं नाही. रडून उपयोग होत नाही हे तिला आमच्याकडे येण्याआधी कुठेतरी कळलेलं होतं, एवढंच. ठेवलं तिथे बसायची आणि बघत राहायची.

दिवसभर ती माझ्याकडे असायची. मी तिला तेल लावायचे, अंघोळ घालायचे, मऊ भात भरवायचे, लंगोट, म्हणजे इथे जे काही कागदाचं असतं ते, बदलायचे. एकही काम चुकवलं नाही. काम झालं की तिला तिच्या जाळीच्या कुंपणात ठेवायचे आणि माझी भाजी निवडायला घ्यायचे.

एक दिवस जेवताना सून म्हणाली, "आई, रागावू नका, पण तुम्ही तिला कामापुरतं उचलता."

"मग काय बिनकामाचं उचलू?"

मुलगा हसला. सून हसली नाही. तिच्या ताटातली पोळी तशीच राहिली आणि मला समजलं की हे ती बरेच दिवस मनात धरून होती.

ती म्हणाली ते खरं होतं. मी सातारच्या बाजूची. तीस-पस्तीस वर्षं म्हशी राखल्या. म्हैस दुसरीचं रेडकू कासेला लागू देत नाही, लाथ मारते. तिला त्या रेडकाचा राग नसतो. तिला ते आपलं वाटत नाही, बस. माझंही तसंच होतं. पोरीचा राग नव्हता. आतून काही येत नव्हतं. येत नसलेलं आणायचं कसं हे मला चौथीपर्यंत कोणी शिकवलं नाही, आणि चौथीनंतर मी शाळेत गेले नाही.

महिन्याला येणारी बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिने मलाही प्रश्न विचारला होता. मुलाने भाषांतर केलं. ती म्हणाली, मूल आल्यावर तुम्हाला कसं वाटतं? मी म्हटलं, "घर यांचं, मूल यांनी आणलंय, मला काय विचारता?" मुलाने हे इंग्रजीत सांगायला चांगली दोन मिनिटं घेतली आणि सांगताना दोनदा छातीवर हात ठेवला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय बोलले असेन याची मला अजून उत्सुकता आहे.

आता ती बाई शेवटची येणार होती. तिने कळवलं की या वेळी आजीशी वेगळं, एकटीशी बोलायचं आहे, आणि घरातल्या माणसाने भाषांतर करायचं नाही. फोनवर एक मराठी बाई असेल.

मुलाने हे वाचलं आणि खुर्चीत बसला. "आई, फक्त एवढं म्हण, खूप आनंद आहे, माझं खूप प्रेम आहे."

"मी खोटं बोलणार नाही."

"खोटं नाही गं. थोडं गोड."

"मग तूच बोल बायकी आवाज काढून."

"आई, प्लीज. तिने काही वेडंवाकडं लिहिलं तर कोर्टाची तारीख पुढे जाईल. किंवा..."

"किंवा काय?"

सून म्हणाली, "किंवा तिला दुसऱ्या घरी देतील." एवढं बोलून ती वर गेली.

शनिवारी सून मला शेजारी घेऊन गेली, हीटरची माफी मागायला. तिने चकल्या घेतल्या, मी पोरीला घेतलं, कारण सुनेच्या दोन्ही हातांत डबा होता. म्हणजे बघा, तेव्हाही कामापुरतंच.

शेजारी एक म्हातारा आणि त्याची लेक राहतात. मंगोलियाचे. मंगोलिया कुठे आहे ते मुलाने मला फोनवर नकाशात दाखवलं होतं, चीनच्या डोक्यावर. लेक दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, चांगलं इंग्रजी बोलते. म्हातारा माझ्याएवढा, चेहरा वाऱ्याने भाजलेला, इंग्रजी माझ्याएवढंच, म्हणजे 'गुड' आणि 'नो'. मला बघितल्याबरोबर त्याने हीटरसारखी घरघर काढून दाखवली आणि खदखदून हसला. मग त्याने चहा दिला. चहात मीठ होतं. दूध घालून मीठ. मी एक घोट घेतला आणि सुनेला मराठीत म्हटलं, "यांच्या डब्यांवर नावं लिहून दे, मीठ-साखरेची गल्लत होतेय." सून म्हणाली, "आई, त्यांच्यात असाच पितात." मी प्यायले. दुसऱ्या कपापर्यंत तो बरा लागायला लागला, हे मी तिला सांगितलं नाही.

वाद्य कोपऱ्यात होतं. लाकडी पेटी, तिला लांब मान, आणि मानेच्या शेंड्याला कोरलेलं घोड्याचं डोकं, कान टवकारलेलं. तारा फक्त दोन. म्हाताऱ्याच्या लेकीने सुनेला सांगितलं, सुनेने मला: तार म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस, एक तार घोड्याची, दुसरी घोडीची.

"म्हणजे नवरा-बायको," मी म्हटलं. "म्हणूनच रडका आवाज येतो."

लेकीने ते बापाला सांगितलं. म्हातारा मांडीवर हात मारून हसला आणि काही बोलला. लेक म्हणाली, इथल्या तारा नायलॉनच्या आहेत, इथे घोड्याची शेपूट कापायला गेलं तर पोलीस येतील.

मग त्याने ते वाद्य दोन गुडघ्यांत धरलं आणि गजाने वाजवलं. बोटं तारेवर दाबत नव्हता, नखाच्या मुळाशी तार बाजूने नुसती टेकवत होता. आवाज व्हायोलिनसारखा गोड नाही. जरा खरखरीत, नाकातला, उघड्या माळावर लांबून कोणी हाक मारावी तसा. आणि मग त्याने तोंड अर्धवट उघडून गळ्यातून ती घरघर काढली. भिंतीपलीकडून ती निराळी लागते. समोर बसलं की कानात शिरायच्या आधी छातीत शिरते. एक माणूस, एक गळा, आणि आवाज दोन. खालचा जमिनीतून येतोय आणि वरचा डोक्यावरून जातोय. मी त्याच्या तोंडात कुठे शिट्टी लपवलीय का बघितलं. नव्हती.

पोरगी जमिनीवर बसली होती. ती हातांवर पुढे सरकत त्याच्यापर्यंत गेली आणि पेटीला तळहात लावून थांबली. तोंड उघडं. वाजणं संपेपर्यंत हलली नाही.

मग लेकीने उंटिणीची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे एखादी उंटीण व्याल्यावर पिल्लाला जवळ घेत नाही. बाळंतपण अवघड गेलं असेल, किंवा पिल्लू दुसरीचं असेल, त्याची आई मेली म्हणून हिच्याकडे आणलेलं. उंटीण त्याला लाथ मारते, पाजत नाही. अशा वेळी घरातली माणसं वाद्यवाल्याला बोलावतात. तो उंटिणीसमोर बसून वाजवतो, कोणीतरी बाई तिच्या अंगावरून हात फिरवत 'खूस, खूस' असं एकच गाणं म्हणत राहते. तास, दोन तास. शेवटी उंटिणीच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ती पिल्लाला पाजते. या म्हाताऱ्याची आई ते गाणं म्हणायची आणि हा वाजवायचा.

मी म्हटलं, "गाण्याने पान्हा सुटला असता तर आमच्या गावच्या भजनी मंडळाने डेअरी काढली असती."

सुनेने हे सांगायला नको होतं, पण सांगितलं. म्हातारा रागावला नाही. त्याने मला खुणेने विचारलं, मग तुम्ही काय करता? मी उठून करून दाखवलं. रेडकाच्या अंगाला मीठ चोळायचं, म्हैस चाटायला लागते, चाटता चाटता वास ओळखीचा होतो. रेडकू मेलं असेल तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून समोर उभं करायचं. मीठ चोळण्याची खूण बघून म्हातारा एकदम उठून उभा राहिला आणि त्यानेही तसंच चोळून दाखवलं. त्यांच्यातही मीठ चोळतात! दोन म्हातारी माणसं दिवाणखान्यात हवेतल्या वासराला मीठ चोळत होती आणि दोन तरुण बायका बघत होत्या. मला अमेरिकेत तीन वर्षं झाली. माझ्या कामातलं काही ज्याला कळतं असा माणूस तेव्हा पहिल्यांदा भेटला.

पुढच्या शनिवारी सुनेने त्या दोघांना आमच्याकडे चहाला बोलावलं. साखरेच्या. बाहेर बर्फ पडत होता. म्हातारा वाद्य घेऊन आला. मला वाटलं, पाहुणा आहे, वाजवेल दोन गाणी. त्याने आल्या आल्या खिडकीजवळची माझी खुर्ची फिरवून खोलीच्या मध्ये ठेवली आणि मला बस म्हणाला. मी बसले. सुनेने पोरीला उचलून माझ्या मांडीवर दिलं.

"हिला कशाला? मी आता चहा घेणार आहे."

"घ्या नंतर," ती म्हणाली. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, म्हणजे लक्ष नसल्याचं ती दाखवत होती.

म्हातारा माझ्यापासून दोन हातांवर, माझ्याकडे तोंड करून बसला. वाजवायला लागला. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हात एकमेकांत गुंतवून, निकालाच्या दिवशी उभा राहायचा तसा. म्हाताऱ्याची लेक माझ्या खुर्चीमागे आली, आणि हळूच माझ्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवायला लागली. आणि म्हातारा म्हणायला लागला, "खूस... खूस... खूस..."

मला समजायला एवढा वेळ लागला याची मला लाज वाटते.

"अगं बाई," मी सुनेला म्हटलं, "मला उंटीण केलीस तू?"

सून लाल झाली. मुलगा म्हणाला, "आई, माझी आयडिया नव्हती हं."

"तुझ्यात आयडिया असती तर मला आधीच संशय आला असता."

"आई, सॉरी," सून म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही." आणि तिचा आवाज फुटला. दुसरं काही सुचलं नाही म्हणजे काय, हे मला त्या आवाजावरून कळलं. ही शिकलेली पोरगी, मोठ्या कंपनीत नोकरी, आणि सासूसमोर वाद्यवाला बसवण्यापर्यंत आली होती. मी उठून जाणार होते, ती बसले.

"करायचंच होतं तर मीठ तरी चोळायचं पोरीला," मी म्हटलं. "अर्धवट कामं करायची सवयच आहे तुम्हाला."

म्हातारा थांबला नव्हता. त्याला आमच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. उंटिणीही असंच ओरडत असतील आधी. तो वाजवत राहिला आणि मग गळ्यातला आवाज लावला.

आता जे झालं ते जसं झालं तसं सांगते, वाढवून सांगत नाही. पोरीची पाठ माझ्या पोटाला टेकलेली होती. त्या आवाजाने तिची पाठ थरथरायला लागली आणि तिच्या पाठीने माझं पोट. कोण कोणामुळे थरथरतंय ते कळेना. आवाज बाहेरून येतोय हे मला दिसत होतं, पण तिला वाटलं की तो माझ्यातून येतोय. ती वळली, गुडघ्यांवर उभी राहिली, आणि तिने दोन्ही हात माझ्या गळ्यावर ठेवले. मग माझ्या तोंडात बोट घातलं, आत कोण आहे ते बघायला. माझ्या तोंडात कोणी नव्हतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू ही बाई फसवतेय.

मी तिला फसवायला नको म्हणून आवाज काढला. म्हशीची धार काढताना मी गुणगुणायचे, शब्द नाहीत, ओठ मिटून नुसतं "हं... हं..." म्हैस निवांत होते त्याने. किती वर्षांत काढला नव्हता. जाड आणि बेसूर निघाला. तिच्या बोटांना तो लागला आणि ती हसली. तोंडातून हसण्याचा आवाज आला. आमच्याकडे आल्यापासून तिचा तो आवाज कोणी ऐकला नव्हता. मुलगा चौकटीवरून सरळ झाला.

म्हाताऱ्याने वाजवणं संपवलं आणि वाकून माझे डोळे तपासले, अगदी जवळ येऊन. कोरडे होते. त्याने मान हलवली, लेकीला काही म्हणाला. ती तोंडावर हात ठेवून सांगायला तयार होईना.

"सांग की," मी म्हटलं. सुनेने विचारून घेतलं.

"ते म्हणतात, ही कठीण जात आहे. उद्या परत येतो."

"त्याला म्हणावं, मी म्हैस आहे, उंटीण नाही. आम्ही रडत नाही."

तो खरंच दुसऱ्या दिवशी आला, आणि त्यानंतरच्या रविवारीही. तिसऱ्यांदा मीच फराळाचं करून ठेवलं होतं, पण ते पाहुण्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी शेवटी त्याने एक मोठं गाणं वाजवलं. ते मला रडवण्यासाठी नव्हतं, त्याचे डोळे मिटलेले होते. त्या आवाजात कोणी माणूस नव्हता. नुसती जागा होती, खूप लांबपर्यंत, आणि तिच्यात काहीतरी एकटं पळत होतं. मला माझं गाव आठवलं असं मी म्हणणार नाही, आमचं गाव तसं नाही, तिथे हात पसरला तर शेजाऱ्याच्या कानाला लागतो. पण आपली जागा सोडून आलेल्या माणसाच्या आत काय असतं ते बाहेर काढून कोणी समोर ठेवलं, तर ते तसं दिसेल. मुलाने चष्मा पुसला. तो इथे अठरा वर्षं आहे आणि सांगतो की त्याला इथे काही त्रास नाही.

मी म्हाताऱ्याला विचारायला लावलं, घर आठवतं का?

त्याने विचार केला. लेक म्हणाली, "नाही म्हणतात. घोडा आठवतो. पांढरा होता, चावायचा."

मी हसले आणि माझ्या लक्षात आलं की पोरगी माझ्या मांडीवर झोपलीय. कधीची झोपली होती कोणास ठाऊक. चहा गार झाला होता. तिला कुंपणात नेऊन ठेवायला कोणी मला सांगितलं नाही आणि मीही उठले नाही. पायाला मुंग्या आल्या. सुनेने मला बघितलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. शहाणी आहे, तोंड कधी मिटायचं ते तिला कळतं.

ती तपासणीवाली बाई त्याच आठवड्यात आली. मुलाला आणि सुनेला तिने बाहेर फिरून यायला सांगितलं. मुलाने जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ऑपरेशनला चालले आहे. टेबलावर फोन ठेवला, त्यातून एक मराठी बाई बोलली. पुस्तकातल्यासारखं मराठी. "नमस्कार आजी. आपण जे सांगाल ते मी जसंच्या तसं सांगेन."

"तसंच सांगा," मी म्हटलं. "मागच्या वेळी फार सजवून गेलं होतं."

बाईने विचारलं, बाळाशी तुमचं नातं कसं आहे?

"आधी मी तिला कामापुरतं उचलत होते. आता काम नसलं तरी उचलते."

फोनमधल्या बाईने मलाच विचारलं, "आजी, हे असंच सांगू?"

"असंच."

तिने सांगितलं. समोरच्या बाईने लिहिलं. मग विचारलं, हा बदल कशाने झाला?

"शेजारचा म्हातारा गळ्यातून घरघरतो. त्याने माझ्यासमोर बसून ते केलं, उंटिणीसमोर करतात तसं."

फोनमधून हळू आवाज आला, "आजी, उंटीण म्हणजे... उंटाची मादीच ना?"

"तीच."

त्या फोनमधल्या बाईची मला दया आली. तिने ते इंग्रजीत सांगायला तीन वेळा सुरुवात केली. समोरची बाई लिहायचं सोडून माझ्याकडे बघत होती. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला, आणि फोनमधल्या बाईने तो मला अगदी जपून सांगितला: तुमचं तिच्यावर प्रेम आहे का?

हाच तो प्रश्न, ज्यासाठी मुलाने मला उत्तर पाठ करून दिलं होतं. पण तो शब्द मी आयुष्यात कोणालाच म्हटलेला नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याने मला म्हटला असता तर मी त्याचं कपाळ तापलंय का बघितलं असतं. पोरगी माझ्या पायाशी होती, माझी साडी धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती, पडत होती, पुन्हा धरत होती.

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण हिला न्यायला कोणी आलं तर मी दार उघडणार नाही. तुम्ही आलात तरी नाही."

फोनमधल्या बाईने हे सांगताना तिचा पुस्तकी आवाज जरा हलला. समोरच्या बाईने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओके." मग पोरीकडे बघून पुन्हा म्हणाली, "ओके."

मुलगा परत आला तेव्हा त्याच्या टोपीवर बर्फ होता. "काय सांगितलंस?"

"खरं."

"अरे देवा," तो म्हणाला आणि टोपी न काढताच बसला. काय बोलले ते सविस्तर विचारायची त्याची हिंमत झाली नाही. पुढचे दहा दिवस तो फोन वाजला की दचकायचा. मीही दचकायचे, पण माझं कोणाच्या लक्षात आलं नाही. मग त्या बाईने लिहिलेला कागद आला. त्याने तो वाचला, एका जागी थांबला आणि पुन्हा वाचला. आजी फार स्पष्ट बोलतात असं तिने लिहिलं होतं, आणि हे मूल या घरात राहावं असं लिहिलं होतं.

कोर्टात आम्ही सगळे गेलो, शेजारचा म्हाताराही आला, वाद्य न घेता, नवीन कोट घालून. जज बाई होत्या. पोरगी माझ्या कडेवर होती, अनोळखी माणसं बघून तिने तोंड माझ्या शालीत खुपसलं होतं. सुनेने हात पुढे केला तर तिने शाल आणखी घट्ट धरली. सुनेने दुसऱ्यांदा हात केला. तेच.

"आई, द्या ना आता मला," सून कुजबुजली, जरा रागानेच. "नाव माझं पुकारणार आहेत."

"थांब," मी म्हटलं. "आधी कागद हातात येऊ दे. मग तुझी."